विश्लेषण : काविळीची मुळी गुण देते, की कावीळ आपोआप उतरते?

उन्हाळ्याच्या शेवटी पंचगंगेचे पात्र आटते, पाण्याला वास येऊ लागतो आणि इचलकरंजीत एक जुनी विचारणा पुन्हा सुरू होते : काविळीचे औषध कुठे चांगले मिळते? कोणी शेजारच्या गावातल्या मुळी देणाऱ्याचे नाव सांगतो, कोणी नाकात थेंब सोडणाऱ्याचे, कोणी गळ्यात माळ घालणाऱ्याचे. आता ही नावे मोबाइल क्रमांकासह व्हॉट्सॲपवर फिरतात, एवढाच काय तो बदल. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. त्या साथीची आठवण अजून पुसलेली नाही.

या औषधांना ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकणारे आणि ‘ऋषिमुनींचे ज्ञान’ म्हणून डोक्यावर घेणारे, अशा दोन्ही बाजूंना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. काविळीवरच्या आयुर्वेदिक औषधांचे गंभीर संशोधन आपल्याच राज्यात, मुंबईच्या रुग्णालयांत, गेली साडेचार दशके होत आले आहे. त्यातून काही आशादायक निघाले, काही फसले आणि बरेचसे अर्धवट राहिले. ते नेमके काय आहे, हे घरात कोणाचे डोळे पिवळे होण्याआधी माहीत असलेले बरे.

कावीळ हा आजार आहे की लक्षण?

लक्षण. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असते. ते अडीच-तीनच्या वर गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. पण ते का वाढले, याची कारणे अनेक. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू, रक्तातून येणारे बी आणि सी, दारू, पित्ताशयातील खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, क्षयरोगावरच्या काही गोळ्या, लेप्टोस्पायरोसिस, अशी ही लांबलचक यादी आहे. आपण या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो आणि सगळ्यांना एकच मुळी देतो. गोंधळाची सुरुवात इथेच होते.

आपल्या भागाचा संबंध मुख्यतः पाण्यातून येणाऱ्या काविळीशी आहे. तोही जुना. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ पसरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आणि तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी अशा साथींमागच्या विषाणूला स्वतःचे नावही नव्हते. ‘ए नाही आणि बी नाही’ असाच त्याचा उल्लेख होई. पुढे त्याला हिपॅटायटिस ई म्हणू लागले. नदीकाठची शहरे, सांडपाणी त्याच नदीत आणि जलवाहिन्यांना गळती, ही त्याची आवडती परिस्थिती. इचलकरंजीने पंचगंगेला पर्याय शोधण्यासाठी किती खटपट केली, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. वारणेच्या पाण्याला दानोळीत विरोध झाला, दूधगंगेच्या सुळकूड योजनेला कागल तालुक्यातून झाला.

मग ‘गुण आला’ असे इतके लोक का सांगतात?

कारण त्यांना खरोखरच बरे वाटलेले असते. ते खोटे बोलत नाहीत.

हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या बहुतेक धडधाकट माणसांची कावीळ दोन ते सहा आठवड्यांत आपोआप उतरते. शरीर विषाणूला आवरते, यकृताच्या पेशी पुन्हा वाढतात. यावर आधुनिक वैद्यकाकडेही नेमके असे औषध नाही. विश्रांती, पुरेसे अन्नपाणी आणि देखरेख हाच उपचार. आता क्रम पाहा. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाणे. मग चार-आठ दिवसांनी डोळे पिवळे. माणूस मुळीवाल्याकडे जातो तो डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे आजाराचा चढ बराचसा सरल्यावर. तो पुढच्या पंधरा दिवसांत उतरणीला लागणारच असतो. त्याच काळात पोटात गेलेल्या मुळीला, पाल्याच्या रसाला, किंवा मंत्र घातलेल्या तांदळाला श्रेय मिळते. शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण असे बरे होत असतील तर औषध देणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होणे अटळ आहे. जे दगावले त्यांच्याबद्दल ‘औषधाला उशीर झाला’ किंवा ‘पथ्य मोडले’ असे म्हटले जाते.

यात काही निव्वळ हातचलाखीही आहे. काविळीची माळ हे त्याचे उत्तम उदाहरण. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठींनी गुंफून डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत लांबत गळ्यात, छातीवर येते. ‘कावीळ उतरली’ म्हणतात ती अशी. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीने धुतला की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाने धुतले तरीही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग गावोगाव करून दाखवले आहेत. नाकात देवडांगरीच्या रसाचे थेंब सोडल्यावर पिवळसर पाणी वाहते, ते काविळीचे नसते. त्या कडवट, जहाल रसाने नाकाची आतली त्वचा सोलवटते आणि तिथून स्राव सुटतो. डाग देण्याबद्दल तर बोलायलाच नको.

पण माळ खोटी आहे म्हणून कुटकी खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे मिळत असल्या तरी त्या वेगळ्या आहेत, आणि आपल्याकडच्या वादात नेमका हाच फरक हरवतो.

मुंबईत कोणते प्रयोग झाले?

आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर औषध चालते का, हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. सारख्या अवस्थेतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले काहीतरी. कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नको आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. आरोग्यवर्धिनी या काविळीवरच्या प्रसिद्ध आयुर्वेदिक गोळीची अशी चाचणी मुंबईत झाली आणि तिचा अहवाल १९८० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन पत्रिकेत आला. निष्कर्ष अनुकूल होते. त्या काळात देशात आयुर्वेदिक औषधाची अशी काटेकोर चाचणी होणे हीच मोठी गोष्ट होती.

आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग कुटकीचा असतो. उरलेल्या निम्म्यात त्रिफळा, गुग्गुळ, शिलाजित यांच्याबरोबर पारा-गंधकाची कज्जली आणि तांबे, लोह, अभ्रक यांची भस्मेही येतात. साहजिकच पुढचा प्रश्न असा होता : गुण कुटकीचा की बाकीच्यांचा? डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या कुटकीच्या मुळाची पूड घेतली. तिच्यातील पिक्रोसाइड-१ आणि पिक्रोसाइड-२ या दोन घटकांचे प्रत्येक कॅप्सूलमधले प्रमाण मोजून निश्चित केले. आधी उंदरांवर पाहिले. मग हिपॅटायटिस बी नसलेल्या तीव्र काविळीच्या ३३ रुग्णांवर चाचणी घेतली. १५ जणांना ३७५ मिलिग्रॅम कुटकी दिवसातून तीनदा, दोन आठवडे. १८ जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : रक्तातील बिलिरुबिन २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरायला कुटकी न घेतलेल्यांना सरासरी ७५.९ दिवस लागले, कुटकी घेतलेल्यांना २७.४.

हे आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. म्हणूनच ते जरा थांबून वाचायला हवेत. पंधरा आणि अठरा हे फार लहान गट आहेत. अठरातील दोघा-तिघांची कावीळ काही कारणाने रेंगाळली तर सरासरी भलतीच लांबते. शिवाय ७६ दिवस हा काळ साध्या विषाणूजन्य काविळीसाठी नेहमीपेक्षा बराच मोठा आहे. याचा अर्थ प्रयोग चुकला असा नाही. अर्थ एवढाच की हा प्रयोग तीनशे रुग्णांवर, दोन-तीन शहरांत, विषाणू ओळखून पुन्हा व्हायला हवा होता. तीस वर्षे होत आली, तरी त्या तोडीचा निर्णायक प्रयोग आपल्या हाती नाही. कुटकी चालते की नाही, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ही कुटकीची नव्हे, आपली नामुष्की आहे.

मुंबईतीलच केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांनी दुसऱ्या वाटेने शोध घेतला. डहाणूकरांचे नाव मराठी वाचकाला लेखिका म्हणूनही माहीत आहे. त्यांनी गुळवेल निवडली. कर्करोगामुळे पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया अवघड असते. त्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरून अनेक जण दगावतात. अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार, म्हणजे प्रतिजैविके, के जीवनसत्त्व आणि नळीवाटे पित्त काढणे. एका गटाला त्यासोबत गुळवेल. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुळवेल न घेतलेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात संसर्ग पसरला, घेतलेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

इथे गुळवेलीने कावीळ घालवली नाही, हे लक्षात घ्या. कावीळ घालवली ती नळीने आणि शस्त्रक्रियेने. गुळवेलीने रुग्णाला तोवर तगवून धरले असावे. आयुर्वेद तिला रसायन म्हणतो, त्याच्याशी हे जुळणारे आहे. पण ‘गुळवेल काविळीवर रामबाण’ अशी जी चित्रफीत तुमच्या फोनवर आली असेल, तिच्यात हा तपशील नसणार.

भुईआवळ्याचे काय झाले?

पावसाळ्यात बांधावर, अंगणात, फुटपाथच्या फटीतही उगवणारे हे वीतभर उंचीचे रोप. पानांच्या खाली ओळीने बारीक आवळे लटकलेले. आपल्याकडे काविळीसाठी सर्वात जास्त वापरली जाणारी वनस्पती बहुधा हीच. तिची गोष्ट मद्रासेत, आताच्या चेन्नईत घडली आणि जगभर गाजली.

१९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित नियतकालिकात तिथल्या संशोधकांचा अहवाल आला. त्यात हिपॅटायटिस बी विषाणू शोधून नोबेल मिळवलेले बरूक ब्लुमबर्ग सहलेखक होते. बी विषाणू शरीरात ठाण मांडून बसलेल्या लोकांना ३० दिवस भुईआवळ्याची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. औषध नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्या २३ पैकी एकाच्याच. बी विषाणू वर्षानुवर्षे जात नाही, हे माहीत असलेल्या डॉक्टरांसाठी हा धक्काच होता.

जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. थायलंडमधल्या संशोधकांना दोनच वर्षांत, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, अपयश कळवावे लागले : विषाणू हटला नाही. पुढच्या चाचण्यांचे निकालही उलटसुलट आले. २०११ मध्ये कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने १६ चाचण्या एकत्र तपासल्या आणि बी विषाणूवर ही वनस्पती चालते याचा पटण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

चेन्नईचे संशोधक खोटे होते का? तसे मानण्याचे कारण नाही. एक शक्यता अशी की वनस्पतीच निराळी होती. भुईआवळ्यासारख्या दिसणाऱ्या चार-पाच जाती भारतातच आहेत, एकाच बांधावर शेजारी शेजारी उगवतात आणि त्यांच्यातील रसायने सारखी नसतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील दुकानांमधून ‘भुईआवळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या गोळा करून तपासल्या, तेव्हा सुमारे पाव नमुन्यांत अपेक्षित जात प्रमुख नव्हतीच. याशिवाय माती, ऋतू, तोडणीची वेळ, वाळवण्याची पद्धत, असे कितीतरी घटक असतात. एका गावचे औषध दुसऱ्या गावात लागू पडत नाही, असे मुळीवाले म्हणतात. ते नकळत याच अडचणीबद्दल बोलत असतात.

हाच माल मिसळण्याचा प्रश्न कुटकीलाही आहे. कुटकी सह्याद्रीत होतच नाही. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते. मुळासकट उपटावी लागते, वाढायला वेळ लागतो, मागणी अफाट. म्हणून १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आठवडी बाजारातल्या चादरीवर ‘अस्सल कुटकी’ स्वस्तात मिळाली, तर ती काय असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

कोविडकाळातला काढा आणि यकृताची इजा, हे प्रकरण काय?

२०२० मध्ये घरोघर काढे उकळू लागले. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेली शहरांतून बघता बघता तोडल्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. विषाणू सापडेना, दारू नाही, खडा नाही. सगळ्यांत समान धागा गुळवेलीचा निघाला. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. त्यातल्या अनेकांमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशा आजाराच्या खुणा होत्या.

आयुष मंत्रालयाने याला जोरदार आक्षेप घेतला. या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे आधी सिद्ध केले का, असा त्यांचा सवाल होता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची चुलत बहीण दिसायला जवळपास तशीच, पण यकृताला बाधक म्हणून ओळखली जाते. तिच्याशी गल्लत झाली असेल, असे त्यांनी म्हटले. आक्षेप रास्त होता. पण तो दुधारी आहे. तज्ज्ञांनाही या दोन वेलींत फरक करायला नीट पाहावे लागते, तर मग सरसकट सगळ्या जनतेला ‘गुळवेल घ्या’ असा सल्ला देताना कोणती वेल, किती, किती दिवस आणि कोणी घेऊ नये, हे त्याच आवाजात सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही.

आणि समजा ती खरीच गुळवेल होती, तरी त्यात केईएमच्या प्रयोगाशी विसंगत असे काही नाही. जी वनस्पती ढासळलेल्या प्रतिकारशक्तीला चेतवते, ती आधीच बिथरलेल्या प्रतिकारशक्तीलाही चेतवू शकते. एकाला तारणारी वस्तू दुसऱ्याला मारक ठरते, हे तर वैद्याने रोग्याची प्रकृती पाहून औषध द्यावे असे सांगणाऱ्या शास्त्राला नवे नसावे. फॉरवर्ड केलेला काढा प्रकृती पाहत नाही.

आधुनिक औषधे यकृताला इजा करत नाहीत, असेही नाही. क्षयरोगाच्या गोळ्या करतात, मर्यादेबाहेर घेतलेले पॅरासिटामॉल करते. फरक हा की त्या इजेची नोंद होते, किती जणांत होते ते ठाऊक असते, आणि रक्त तपासून गोळी वेळीच थांबवता येते.

संशोधन पुढे का सरकत नाही?

एक कारण सरळ पैशाचे. कुटकी किंवा भुईआवळ्याच्या मुळावर कोणाला मक्तेदारी मिळत नाही, त्यामुळे मोठ्या चाचणीचा खर्च उचलायला औषध कंपनी तयार नसते. दुसरे कारण कायद्यात आहे आणि त्याची चर्चा कमी होते. औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आयुर्वेदाचे जे प्रमाणग्रंथ दिले आहेत, त्यांतल्या पाठाप्रमाणे औषध बनवणाऱ्याला ते रुग्णांवर पुन्हा तपासून दाखवावे लागत नाही. ग्रंथातला आधार पुरतो. परंपरेचा मान राखण्यासाठी केलेली ही सवलत. तिचा परिणाम मात्र असा झाला की, ज्याला आरोग्यवर्धिनी विकायची आहे त्याला तिच्यावर एक रुपयाही संशोधनासाठी खर्च करण्याची गरज उरली नाही. १९८० चा तो प्रयोग ज्या जिज्ञासेतून झाला, तिला बाजाराने पुढे काही बळ दिले नाही.

त्याच आरोग्यवर्धिनीतील पाऱ्याचे काय, हा प्रश्नही तसाच लोंबकळतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्याकडे यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. एक, हा परदेशी कट आहे. दोन, विधिवत शोधन-मारण केलेले भस्म निर्धोक असते. दुसरी प्रतिक्रिया तपासता येण्यासारखी आहे. कोणत्या कारखान्यात, कोणत्या घाणीत शोधन विधिवत झाले, हे डबीवर वाचून ग्राहकाला कळत नाही. ते प्रत्येक घाणीची चाचणी होऊन, तिचा निकाल खुला राहूनच कळेल.

हे जमते याचे उदाहरणही मुंबईतच आहे. सर्पगंधा ही मुळी उन्माद आणि निद्रानाशासाठी शतकानुशतके वापरात होती. रक्तदाबावर तिचा परिणाम होतो, अशी निरीक्षणे १९३१ पासून भारतीय डॉक्टर नोंदवत होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर ती काळजीपूर्वक वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयविज्ञान पत्रिकेत लेख लिहिला. तीन वर्षांत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगाला उच्च रक्तदाबावरचे पहिल्या काही परिणामकारक औषधांपैकी एक मिळाले. पुढे त्याचे दुष्परिणाम, विशेषतः मनाला येणारी उदासी, लक्षात आले आणि ते मागे पडले. आधी गुण मोजला, मग अवगुणही मोजला, आणि दोन्ही वेळा त्याप्रमाणे वागले. सर्पगंधेचा यात काही अपमान झाला असे कोणी म्हणत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याला यात करण्यासारखे पुष्कळ आहे. राधानगरी, आजरा, चंदगडचा डोंगरपट्टा हाकेवर आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतील वनस्पतींवर दीर्घकाळ काम केले आहे. जिल्ह्यात कोण काविळीसाठी कोणती मुळी देतो, तिचा एक नमुना घेऊन तिची नेमकी ओळख पटवणे आणि त्या रुग्णांच्या रक्ताची आधी-नंतर नोंद ठेवणे, हे फार खर्चाचे काम नाही. साथीच्या काळात तर दोन गटांची रीतसर चाचणीही शक्य असते. २००९ पासून देशात औषधाची कोणतीही चाचणी सुरू करण्याआधी तिची जाहीर नोंद करावी लागते, त्यामुळे नकोसा निकाल दडपणेही सोपे राहिलेले नाही. आणि समजा असे निघाले की अमुक एका गावचे औषध निरुपयोगी आहे, तर त्या माहितीनेही कोणाचा तरी जीव वाचेल.

तोवर घरात कावीळ झाली तर?

पहिली गोष्ट, कोणत्या प्रकारची आहे ते रक्त तपासून कळू द्या. बिलिरुबिन, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची म्हणजे पीटी-आयएनआर ही चाचणी. यातली शेवटची सर्वात महत्त्वाची आणि बहुतेक वेळा राहून जाणारी, कारण यकृत खरोखर खचत आहे का ते तीच सांगते. डोळ्यांचा पिवळेपणा त्यापुढे दुय्यम आहे. अंगाला खाज, शौचाचा रंग मातकट पांढरा, असे असेल तर पित्तमार्ग अडल्याची शंका घेऊन सोनोग्राफी करावी लागते. तिथे मुळीच्या नादात गेलेला महिना परत मिळत नाही.

गर्भवतीला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नये. हिपॅटायटिस ई इतरांमध्ये सहसा सौम्य असतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याने दगावण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आपल्या भागात मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, ती नेमकी याच महिन्यांत. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर तो पथ्याचा प्रश्न उरलेला नसतो. ज्यांना आधीपासून यकृताचा आजार आहे, जे दारू घेतात, ज्यांच्या क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीही वाट पाहू नये.

पथ्याबद्दल थोडेसे. तेल-तूप पूर्ण बंद करून आठ आठ दिवस नुसत्या फुटाण्यांवर आणि उसाच्या रसावर ठेवलेला माणूस अशक्त होतो. यकृताला त्याने काही फायदा होत नाही. पचेल ते साधे जेवण द्यावे. उसाचा रस घरी काढला असेल तर हरकत नाही. रस्त्यावरच्या गाड्यावर त्यात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो, हे मात्र विचारून घ्यावे. ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पुन्हा पोटात जायचे. पाणी खळखळून उकळावे आणि घरातल्या सगळ्यांनी तेच प्यावे. हा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे जातात, त्यामुळे एक रुग्ण दिसला तेव्हा बाकीच्यांच्या पोटात तो गेलेला असण्याचीही शक्यता असते.

यंत्रमागावर पाळी करणाऱ्या माणसाची अडचण वेगळी आहे. खाडा झाला की मजुरी बुडते, तपासण्यांना पैसे लागतात, आणि मुळीवाला ‘तीन डोसांत उतरेल’ म्हणतो. त्याने मुळी घेतली तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. घेतली असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच. ओरडा बसेल या भीतीने रुग्ण ते सांगत नाहीत, आणि डॉक्टरही अनेकदा विचारत नाहीत. मुळीचा उरलेला तुकडा, पाला, पुडी, काढ्याची बाटली, जे काही असेल ते फेकून न देता पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्यावे. यकृताने अचानक दगा दिला, तर ती वनस्पती नेमकी कोणती होती हे ओळखण्यासाठी डॉक्टरांच्या हाती तेवढाच पुरावा असतो.